खांद्याची गादी फाटलीय, पण टाक्यांची घाई नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. वय 43. चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळी चालू आहे, मागच्या महिन्यात एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 7.4 आली. पाच महिन्यांपूर्वी मोटरसायकल घसरली तेव्हा उजवा हात टेकून पडलो. खांदा निखळला नव्हता, एक्स-रेही चांगला होता. पण तेव्हापासून व्हॉलीबॉलची सर्व्हिस मारताना खांद्यात आत खोलवर कळ येते, कधी कट्कन आवाज होतो. फळ्यावर उंच लिहिताना आणि मागच्या खिशातलं पाकीट काढताना दुखतं. त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयमध्ये “वरच्या बाजूचं लॅब्रम फाटलेलं, स्लॅप टाइप 2, रोटेटर कफ शाबूत, सिस्ट नाही” असं आलं. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून शिवून घ्या असं सांगितलं. दुसरीकडे पीआरपीची तीन इंजेक्शनं सुचवली. घरचे म्हणतात, हाडवैद्याकडे चला. फिजिओथेरपीला दहा दिवस जाऊन आलो. शेक आणि करंट दिला, फरक पडला नाही. शस्त्रक्रियेशिवाय हे बरं होईल का? मुलांबरोबर पुन्हा खेळता येईल का?’

उत्तर:

नमस्कार सर,

अहवालातलं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलंत ते फार बरं केलंत. त्यातल्या ‘कफ शाबूत’ (खांदा धरून ठेवणारे स्नायू फाटलेले नाहीत) आणि ‘सिस्ट नाही’ (द्रवाची गाठ नाही) या दोन गोष्टींमुळे तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. वय 43, खांदा एकदाही निखळलेला नाही, टाइप 2 ची चीर, आणि आजवर खरा व्यायाम झालेलाच नाही. अशा खांद्याला आधी निदान 12 आठवडे नीट आखलेला व्यायाम द्यावा आणि शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर करावा. दहा दिवसांचा शेक आणि करंट हा प्रयत्न म्हणून मोजू नका. त्याने दुखणं तासभर हलकं होतं, स्नायूंची ताकद वाढत नाही.

फाटलंय काय, ते आधी पाहू. खांद्याची वाटी म्हणतात खरी, पण ती बशीइतकी उथळ असते आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा मोठा गोळा टेकलेला असतो. तो घसरू नये म्हणून वाटीच्या काठाभोवती चिवट कूर्चेचं एक कडं असतं. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतात, तसं. हेच लॅब्रम. या कड्याच्या अगदी वरच्या टोकाला, घड्याळात 12 वाजतात तिथे, दंडाच्या बेटकुळीची लांब कंडरा येऊन मिळते. तुमची चीर याच जागी आहे. अशा चिरेसाठी ‘स्लॅप’ हा शब्द अमेरिकेतले शल्यविशारद स्टीफन स्नायडर यांनी 1990 साली रूढ केला आणि त्याचे चार प्रकार पाडले. टाइप 1 मध्ये काठ नुसता झिजून दशा पडलेल्या असतात. टाइप 2 मध्ये कडं आणि कंडरेचं मूळ हाडापासून सुटलेलं असतं. टाइप 3 मध्ये कड्याचा तुकडा बादलीच्या कडीसारखा सांध्यात लोंबतो, आणि टाइप 4 मध्ये ती चीर थेट कंडरेत शिरलेली असते. हात टेकून पडलं की गोळा वर आदळून हे कडं चिरडतं. सर्व्हिससाठी हात मागे-वर नेला की बेटकुळीची कंडरा पिळवटून त्याच जागेला सोलल्यासारखी ओढते. म्हणजे पडलात एकदा, पण प्रत्येक सर्व्हिसला ती जागा पुन्हा ओढली जाते.

ही चीर आपोआप जुळून येईल का? बहुतेक वेळा नाही. कड्याच्या बाहेरच्या भागाला थोडा रक्तपुरवठा असतो, आतल्या काठाला नसतो, आणि वरचा-पुढचा भाग त्यातही कोरडा. तरीही दुखणं जाऊ शकतं. सांध्यातली सूज ओसरते. रोटेटर कफचे चार स्नायू गोळ्याला वाटीच्या मधोमध धरायला लागतात. खांद्याच्या मागच्या बाजूचं आवरण सैल झालं की गोळा वर-मागे ढकलला जात नाही, आणि बेटकुळीवरचा ताण कमी होतो. तीन महिन्यांनी एमआरआय पुन्हा काढलात तर चीर जवळपास तशीच दिसेल, आणि तरी तुम्ही फळ्यावर वरपर्यंत लिहीत असाल. म्हणून सुधारणा पाहायला पुन्हा एमआरआय काढण्यात पैसे घालवू नका.

आता एमआरआयला किती वजन द्यायचं, हा प्रश्न. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 45 ते 60 वयाच्या, खांदा अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले. तपासणाऱ्या दोन रेडिओलॉजिस्टांपैकी एकाला 55 टक्के खांद्यांत वरच्या लॅब्रमची चीर दिसली, दुसऱ्याला 72 टक्क्यांत. तुमचं वय त्या गटाच्या उंबरठ्यावर आहे. त्यामुळे ही चीर पडण्याआधीपासून तिथे असू शकते, आणि दुखणं दुसऱ्याच गोष्टीचं असू शकतं. शिवाय काही माणसांत या कड्याखाली जन्मतःच फट किंवा खाच असते, ती साध्या एमआरआयवर चिरेसारखीच दिसते. सांध्यात रंगद्रव्य भरून काढलेला एमआर आर्थ्रोग्राम जास्त स्पष्ट असतो, पण शस्त्रक्रिया ठरत नसेल तर आज त्याची गरज नाही.

शिवण्याबद्दलही एक गोष्ट कळलेली बरी. नॉर्वेमध्ये टाइप 2 चीर असलेल्या 118 रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटात लॅब्रम शिवलं, दुसऱ्यात बेटकुळीची कंडरा तिथून सोडवून खाली हाडाला बांधली, आणि तिसऱ्या गटात नुसती दुर्बीण घालून सांधा पाहिला व बाहेर आले. कुणाला काय केलं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. ज्यांना खरंच शिवलं किंवा कंडरा बांधली त्यांच्यातल्या काहींचा खांदा आखडला, हा त्रास वरकड. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी रुग्णांचं सरासरी वय चाळिशीच्या आसपास होतं, म्हणून तो तुम्हाला चांगला लागू पडतो.

दुसरी बाजूही तुमच्यासमोर यायला हवी. अमेरिकेतल्या 2010 च्या एका पाठपुराव्यात स्लॅप चिरेवर आधी व्यायाम आणि औषधं घेतलेल्या 39 जणांपैकी 20 जणांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्या 19 जणांचं दुखणं आणि हालचाल बरीच सुधारली, आणि त्यांच्यातले जे डोक्यावरून हात फिरवण्याचे खेळ खेळत होते त्यांतले दोन तृतीयांश पूर्वीच्या पातळीवर परतले. म्हणजे व्यायामाने प्रत्येकाचं भागतंच असं नाही. पण 12 आठवडे देऊन तुम्ही काही गमावत नाही, कारण तुमच्यासारख्या न निखळलेल्या खांद्यात थांबल्याने पुढची शस्त्रक्रिया अवघड होत नाही.

व्यायामाला हात घालण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या.

पहिली, फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. मधुमेहात तो जास्त होतो आणि चाळिशी ते साठी हेच त्याचं वय. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि घरच्या कुणाला तरी तुमचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. डावा हात जितका बाहेर जातो त्याच्या निम्म्यातच उजवा अडत असेल, आणि तो तुम्ही न अडवता अडत असेल, तर मुख्य दुखणं लॅब्रमचं नसून आखडलेल्या आवरणाचं आहे. मग बँडने ताकद वाढवण्याचा व्यायाम आत्ता चुकीचा ठरेल. आधी हालचाल मोकळी करावी लागते. दुसरी, मान. कळ कोपराच्या खाली उतरते का, बोटांना मुंग्या येतात का, मान मागे करून उजवीकडे वळवली की वाढते का? तसं असेल तर खांद्याआधी मान तपासून घ्या. तिसरी, पाठीवरचा खड्डा. शर्ट काढून आरशाकडे पाठ करा आणि कुणाला तरी फोटो काढू द्या. उजव्या पात्यावर, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडावर, स्नायू सुकून खड्डा दिसत असेल तर नस दाबली जातेय. लॅब्रमच्या चिरेतून द्रव झिरपून जी गाठ होते ती असा दाब देते. तुमच्या अहवालात गाठ नाही, पण खड्डा दिसला तर व्यायाम सुरू न करता थेट डॉक्टरांकडे जा.

नुसत्या कट्कन आवाजाला घाबरू नका. न दुखणारा आवाज निरोगी खांद्यातही येतो. आवाजाबरोबर हात मध्येच अडकत असेल आणि झटका देऊन सोडवावा लागत असेल, तर ते मात्र नोंदवून ठेवा.

औषधांचं. पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम गरजेप्रमाणे चालेल, दिवसात सगळी मिळून 3 ग्रॅमच्या वर नको. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा ‘जॉइंट गोळ्यां’मध्ये ॲसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की बेरीज कळत नाही. मागचं लेबल वाचा. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातल्या गोळ्या सूज उतरवतात, पण मधुमेहात मूत्रपिंडावर भार टाकतात. गेल्या सहा महिन्यांत क्रिएटिनिन तपासलं नसेल तर आधी तपासा, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणानंतर 7 ते 10 दिवस, त्यापुढे नाही. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अल्सर किंवा दमा असेल, तर तसं स्पष्ट सांगा. गोळी घेऊन दुखणं दाबायचं आणि मैदानात सर्व्हिस मारायची, हा सगळ्यात वाईट उपयोग आहे.

स्टिरॉइडचं इंजेक्शन सरसकट वाईट नाही. रात्रीची झोप लागत नसेल आणि दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल, तर एक इंजेक्शन व्यायामाला वाट करून देतं. पण ते सांध्याच्या आत पडायला हवं, म्हणून सोनोग्राफीत पाहून देणाऱ्याकडेच घ्या. साधारण 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन आणि जोडीला भूल देणारं औषध असतं. त्या भुलेचा एक उपयोग लोक विसरतात. इंजेक्शननंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत हात उचलून पाहा. दुखणं बरंचसं गेलं असेल तर ते सांध्याच्या आतूनच येत होतं हे कळतं. काहीच फरक नसेल तर लॅब्रमवर संशय कमी करावा लागतो. हा निकाल तिथल्या तिथे लिहून ठेवा. मधुमेहामुळे पुढचे पाच-सात दिवस साखर वाढेल, तेव्हा घरी सकाळ-संध्याकाळ तपासा आणि 300 च्या वर गेली तर डॉक्टरांना फोन करा. वर्षात तीनपेक्षा जास्त इंजेक्शनं नकोत. आणि पुढे शस्त्रक्रिया ठरलीच तर ती इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत नको, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

पीआरपीमध्ये तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग सांध्यात सोडतात. घातक नाही, पण लॅब्रमची चीर त्याने जुळते असा भक्कम पुरावा नाही. तीन इंजेक्शनांचं पॅकेज आधीच ठरवून घ्यावं असं तर त्यात काहीच नाही. ते पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या बारा भेटींना द्या. कुणी स्टेम सेलची भाषा केली तर सरळ उठून या; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा दुखण्यात ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतं, पैसे घेऊन उपचार म्हणून नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनीही चिरेला फरक पडत नाही.

हाडवैद्याबद्दल घरच्यांना समजावून सांगा. पाठीला, मानेच्या मुळाशी, पात्याच्या आतल्या कडेला हलक्या हाताने तेल लावलं तर आखडलेले स्नायू सैल होतात, तेवढं घरीही करता येतं. पण हात ओढून, झटका देऊन ‘सांधा बसवणं’ तुमच्या खांद्याला अजिबात नको. सांधा निखळलेला नाही, तेव्हा बसवायला काही नाही. जे कडं अर्धवट सुटलंय त्यालाच झटका बसेल.

आता मुख्य काम. कराडसारख्या ठिकाणी फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो. जाताना एवढंच सांगा की मशीन नको, खांद्याचा व्यायाम शिकवा आणि दर आठवड्याला तपासा. खालचा आराखडा त्यांना दाखवा. हात पाहून ते त्यात बदल करतील आणि त्यांचं ऐका.

पहिले तीन आठवडे खांदा शांत करायचा. डोक्याच्या वर हात नाही, फेकणं नाही, पाण्याची बादली किंवा चेंडूंची पिशवी उजव्या हाताने नाही. तळहात वर ठेवून कोपर वाकवून काही उचलणं तर मुळीच नको, कारण त्यात बेटकुळी थेट चिरेवर ओढते. शर्ट घालताना आधी उजवी बाही, काढताना ती शेवटी. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. झोपताना उताणे झोपा आणि उजव्या कोपराखाली गोधडीची घडी घ्या, म्हणजे कोपर अंगाच्या मागे पडणार नाही. रात्रीची कळ बहुतेक त्यानेच येते. डाव्या कुशीवर झोपलात तर छातीशी उशी घेऊन उजवा हात तिच्यावर टाका. झोळी लावून हात बांधून ठेवू नका. तुमच्या वयात आणि मधुमेहात बांधलेला खांदा फार लवकर आखडतो.

या काळात रोज तीन वेळा हे करा. डावा हात टेबलावर टेकून पुढे वाका आणि उजवा हात लोंबता सोडून अंगाच्या हेलकाव्याने एक-दोन मिनिटं फिरू द्या. हात फिरवायचा नाही, फिरू द्यायचा. मग टेबलापाशी बसून, पंजाखाली फडकं घेऊन, टेबल पुसल्यासारखा हात पुढे सरकवा, 10 वेळा. त्यानंतर भिंतीचा व्यायाम: कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडीमध्ये टॉवेलची गुंडाळी. पंजाच्या बाहेरच्या कडेने भिंतीला दाबा, 10 सेकंद, 5 वेळा. मग दाराच्या चौकटीपाशी उभं राहून पंजाच्या आतल्या बाजूने तसंच. जोर पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. शेवटी ताठ बसून दोन्ही पाती किंचित मागे आणि खाली ओढून 5 सेकंद धरा, 10 वेळा. खांदे कानाकडे चढले तर चुकलं. ही चूक इतकी सर्रास होते की आरसा समोर ठेवूनच करावं.

दुखण्याचं मोजमाप ठरवून घ्या. 0 म्हणजे काही नाही, 10 म्हणजे असह्य. व्यायाम करताना 3 पर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलेलं हवं. सकाळी वाढलेलं असेल तर एक दिवस सोडा आणि पुढच्या वेळी निम्मं करा. पूर्ण बंद करू नका.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात रबरी बँड आणा. पिवळा सगळ्यात हलका, मग लाल, मग हिरवा; पिवळ्याने सुरुवात करा, तुम्ही कितीही तगडे असलात तरी. बँड दाराच्या कडीला कोपराच्या उंचीवर बांधा. टॉवेलची गुंडाळी कोपराखाली ठेवून पंजा बाहेर फिरवा, दोन सेकंदांत बाहेर, चार सेकंदांत परत. 12 वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. हा सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम आहे, कारण खेळाडूंचे पुढचे स्नायू दणकट असतात आणि मागचे कच्चे. मग बँड दोन्ही हातांनी धरून, कोपरं मागे नेत, पाती जवळ आणा, तेवढ्याच वेळा. भिंतीवर दंड मारा आणि कोपरं सरळ झाल्यावर भिंतीला आणखी थोडं ढकला, पाठ किंचित गोल होईल एवढं. पात्याला छातीशी धरून ठेवणारा स्नायू याने जागा होतो. डाव्या कुशीवर पडून अर्धा लिटरची पाण्याची बाटली उजव्या हातात घ्या, कोपर कमरेवर, आणि पंजा छताकडे वळवा. बाटलीने सोपं झालं की एक किलो, पुढे दोन. दोनच्या पुढे जाऊ नका, कारण मोठे स्नायू काम हिसकावून घेतात आणि छोटे तसेच राहतात.

याच टप्प्यात मागचं आवरण सैल करा. वर्षानुवर्षं सर्व्हिस मारणाऱ्याच्या उजव्या खांद्याचं आतल्या बाजूला वळणं कमी झालेलं असतं. उताणे पडा, हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, पंजा छताकडे. आता दोन्ही पंजे पायाच्या दिशेने खाली नेऊन पाहा. उजवा डाव्यापेक्षा 20 अंशांनी किंवा जास्त कमी पडत असेल तर ताण द्यायला हवा. उजवा हात छातीवरून आडवा न्या, डाव्या हाताने कोपर धरून ओढा, 30 सेकंद, 4 वेळा, रोज. ताण खांद्याच्या मागे जाणवला पाहिजे. पुढे टोचलं तर हात थोडा खाली घ्या. फरक नसेल तर हा व्यायाम सोडून द्या. आधीच सैल असलेला खांदा ताणून आणखी सैल करण्यात नुकसान आहे.

नवव्या आठवड्यापासून हात वर. बाटली घेऊन, अंगठा वर ठेवून, हात अगदी समोर किंवा अगदी बाजूला न नेता दोन्हींच्या मधल्या तिरक्या रेषेत उचला. आधी खांद्यापर्यंत, आठवडाभराने डोक्याच्या वर. मग हात बाजूला, कोपर काटकोनात, सर्व्हिसच्या पवित्र्यात पिवळा बँड मागे ओढा, 10 वेळा, दोन फेऱ्या. बेटकुळीचा व्यायाम आता सुरू करायचा, एक किलोने, सावकाश. जमिनीवरचे दंड गुडघे टेकून. पाय आणि कंबर विसरू नका. जोरदार सर्व्हिसची सुमारे निम्मी ताकद पाय आणि धडातून येते, आणि ती कमी पडली की तेवढं काम खांद्याला करावं लागतं. बैठका, एका पायावरचा तोल आणि प्लँक मुलांकडून करून घेताच, त्यांच्याबरोबर तुम्हीही करा. जिममधलं मानेच्या मागे बार ओढणं, डिप्स, बारला लोंबकळणं आणि खोलवरचं बेंच प्रेस या काळात बंद.

बहुतेकांचं बिघडतं ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात. दुखणं निम्मं होतं, रविवारी कुणी तरी ‘एकच सेट’ म्हणतं आणि सहा आठवड्यांची कमाई एका तासात जाते. दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं नाही; ताकद मागून येते, सहा-आठ आठवड्यांनी.

साखर सांभाळणं हाही या खांद्याचाच उपचार आहे. 7.4 वाईट नाही, 7 च्या जवळ आणता आली तर खांदा आखडण्याची भीती कमी होते. रोज संध्याकाळी अर्धा तास झपझप चाला, हात मोकळे हलवत.

शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा कधी करायचा? 12 आठवडे प्रामाणिकपणे करूनही दुखणं निम्म्यानेही कमी झालं नाही, हात मध्येच अडकतो, मध्ये कधी तरी खांदा निखळला किंवा पाठीवर तो खड्डा दिसू लागला तर. शेवटच्या दोन गोष्टींत 12 आठवड्यांची वाट पाहू नका. विशीतल्या मुलाचा खांदा निखळून पुढचं लॅब्रम सुटलं असेल तर त्याचं गणित वेगळं, तिथे शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. तुमच्या शाळेतल्या एखाद्या कबड्डीपटूला हे लागू पडेल, म्हणून लिहिलं. तुमची वेळ आलीच तर शल्यविशारदांना विचारा की चाळिशीनंतर लॅब्रम शिवण्याऐवजी बेटकुळीची कंडरा खाली बांधणं बरं पडेल का. या वयात शिवलेल्या खांद्याला ताठरपणा आणि पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी जास्त येते, म्हणून अनेक जण दुसरा मार्ग निवडतात. कुठलंही केलं तरी काही आठवडे झोळी आणि मग चार-सहा महिने हेच व्यायाम चुकत नाहीत.

शेवटी खेळाचं. तोवर मैदान सोडायची गरज नाही: शिकवा, गुण लिहा, डाव्या हाताने चेंडू टाका. चौथ्या आठवड्यानंतर दोन्ही हातांनी खालून पास द्यायला हरकत नाही. वर जाणारी सर्व्हिस मात्र 12 आठवड्यांनंतर, आणि तीही तीन गोष्टी जमल्यावरच: हात दोन्हीकडे सारखा वर जातो, त्या कुशीवर रात्र काढता येते, आणि पंजा बाहेर फिरवताना उजव्याचा जोर डाव्याइतका लागतो. मग पहिल्या आठवड्यात दिवसाआड 10 सर्व्हिस, निम्म्या अंतरावरून, निम्म्या जोरात, जमिनीवर उभं राहून. सकाळी दुखलं नाही तर पुढच्या आठवड्यात 15, मग 20, आणि 20 झाल्यावरच मागच्या रेषेवरून. अंतर आणि जोर एकाच आठवड्यात वाढवू नका. उडी मारून सर्व्हिस पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि स्मॅश सगळ्यात शेवटी, नेटवर नाही तर आधी भिंतीवर.